घरट्याबाहेर सापडलेले पिल्लू: कधी उचलावे आणि परत कसे ठेवावे

विणीच्या हंगामात झाडाखाली, कुंपणालगत किंवा जिन्याच्या पायरीवर पक्ष्याचे पिल्लू बसलेले दिसले, की पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो त्याला उचलून सुरक्षित जागी नेण्याचा. त्यामागची भावना चांगली असली, तरी कृती पुष्कळदा चुकीची ठरते, कारण जमिनीवर दिसणारी बरीचशी पिल्ले मुळात पडलेली नसतातच. ती घरटे सोडून स्वतः बाहेर आलेली असतात, आणि त्यांचे आईबाप जवळच्याच फांदीवर बसून समोरचा माणूस कधी दूर होतो याची वाट पाहत असतात. याउलट काही पिल्ले खरोखरच पडलेली असतात आणि त्यांना लवकर मदत मिळाली नाही, तर ती थोड्या वेळात दगावतात. या दोहोंतला फरक ओळखता येणे हे या कामातले निम्म्याहून अधिक काम आहे. उरलेल्या कामातही पिल्लू घरी नेऊन वाढवण्याचा भाग नसतो; त्याच्या आणि त्याच्या आईबापांच्या मध्ये पडलेले अंतर तेवढे मिटवायचे असते.

आधी वय ओळखावे

सगळ्या पक्ष्यांची पिल्ले जन्मतः सारखी नसतात. कोंबडी, बदक, मोर, लावा, टिटवी यांची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तीच उघड्या डोळ्यांनी आणि दाट लव अंगावर घेऊन. ही लव वाळली की काही तासांत ती चालू लागतात आणि एखाद्या दिवसात घरट्याची जागा कायमची सोडतात. त्यामुळे त्यांना घरट्यात परत ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. टिटवीचे पिल्लू तर आईबापांची धोक्याची हाक ऐकताच जमिनीला चिकटून निश्चल बसते, आणि नेमके हेच पाहून ते आजारी आहे किंवा त्याला कोणी वाली नाही, असा समज करून घेतला जातो. वास्तविक, डोक्यावर घिरट्या घालत आरडाओरडा करणारी टिटवी त्याची आई किंवा बाप असते, आणि तिथून निघून जाणे एवढीच मदत माणूस करू शकतो. बदकाचे चुकलेले पिल्लू सापडले आणि आई आसपास दिसत असेल, तर तिला त्याची हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर त्याला ठेवून मागे सरावे. आई कुठेच दिसत नसेल, तर त्याला एकटे पाण्यात सोडू नये. आईच्या पंखांखालची ऊब न मिळाल्यास ते गारठून जाते.

चिमणी, बुलबुल, साळुंकी, दयाळ, कावळा, पारवा, पोपट, खंड्या यांची पिल्ले दुसऱ्या प्रकारात मोडतात, आणि या लेखाचा मुख्य विषय तीच आहेत. ती जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात, अंग बहुधा उघडे असते, मान स्वतःच्या बळावर फार वेळ उचलता येत नाही आणि शरीराची ऊब राखण्याची क्षमताही नसते. या पिल्लांच्या वाढीचे दोन टप्पे लक्षात ठेवले, की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सोपे होतात.

पहिल्या टप्प्यातले पिल्लू घरट्यातच असायला हवे. त्याचे अंग उघडे असते, किंवा त्यावर विरळ लव असते, किंवा त्वचेतून पिसांच्या निळसर काळ्या नळ्या बाहेर आलेल्या असतात. ते पोटावर पडलेले असते. पायांवर नीट उभे राहू शकत नाही आणि बोट किंवा काडी पायाखाली धरली, तर तिला घट्ट पकडू शकत नाही. दुसऱ्या टप्प्यातल्या पिल्लाच्या नळ्यांची टोके फुटून पिसे कुंचल्यासारखी मोकळी झालेली असतात आणि बहुतेक अंग झाकलेले असते. शेपटी मात्र आखूड, बोटाच्या पेराएवढी असते. डोक्यावर लवेचे काही केस अजून उभे असतात आणि चोचीच्या कोपऱ्यांशी पिवळसर, मऊ कडा दिसते. हे पिल्लू उभे राहते, टुणटुण उड्या मारते, काडी धरून बसते आणि पंख फडफडवून हातभर अंतर पार करते. ते अजून धड उडत नाही, पण त्याला घरट्यातून पडलेले म्हणता येत नाही.

उडता येण्याआधीच घरटे सोडणे हा वरकरणी वेडेपणा वाटतो, पण त्याला कारण आहे. उघड्या वाटीसारख्या घरट्यात तीन-चार पिल्ले दिवसभर चिवचिवत असतात आणि आईबापांच्या फेऱ्या सतत चालू असतात. साप, मांजर, कावळा यांना त्या जागेचा पत्ता लागला, तर एकाच वेळी सगळी पिल्ले जातात. तीच पिल्ले चार वेगवेगळ्या झुडपांत विखुरली, तर निदान काही तरी वाचतात. म्हणूनच बुलबुलासारख्या उघड्या घरट्यात वाढणाऱ्या लहान पक्ष्यांची पिल्ले साधारण १० ते १४ दिवसांत बाहेर पडतात, तर झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात वाढणारी साळुंकीची पिल्ले तीन आठवड्यांहून अधिक काळ आत राहतात. पारव्याच्या पिल्लांना चार ते पाच आठवडे लागतात, तर गव्हाणी घुबडाची पिल्ले सुमारे दोन महिने घरट्याच्या आसऱ्याने राहतात. घरटे जितके सुरक्षित, तितका आतला मुक्काम लांबतो, असा हा ढोबळ हिशेब आहे.

पिसे फुटलेल्या, उड्या मारणाऱ्या पिल्लाचे काय करावे

बहुतेक वेळा काहीच करू नये. हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे, कारण असे पिल्लू खरोखरच केविलवाणे दिसते आणि ओरडतेही. पण ते ओरडते ते आपला ठावठिकाणा आईबापांना कळवण्यासाठी. घरटे सोडल्यानंतरही आईबाप त्याला पुढचे दोन-तीन आठवडे भरवत असतात, आणि याच काळात ते अन्न शोधायला, आडोसा घ्यायला आणि धोक्याच्या हाकेचा अर्थ लावायला शिकते. हे शिक्षण माणसाच्या घरात देता येत नाही.

आईबाप येतात की नाही हे पाहायचे असेल, तर वीस-तीस मीटर मागे सरून आडोशाला उभे राहावे. पिल्लाशेजारी उभे राहून आईची वाट पाहण्यात अर्थ नसतो, कारण ती आपल्यामुळेच येत नसते. पिल्लू रस्त्यावर, गाड्यांच्या वाटेत किंवा मांजराच्या टप्प्यात असेल, तर त्याला अलगद उचलून त्याच परिसरातल्या दाट झुडपात किंवा खालच्या फांदीवर ठेवावे. मांजर किंवा कुत्रे आपलेच असेल, तर पिल्लू हलवण्याऐवजी त्या प्राण्याला काही दिवस घरात ठेवणे हा जास्त शहाणपणाचा उपाय आहे.

अशा पिल्लाला घरट्यात परत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. ते लगेच पुन्हा बाहेर उडी मारते, आणि त्याहून वाईट म्हणजे घरट्यात अजून एक-दोन दिवस थांबायला हवी होती अशी त्याची भावंडेही माणसाचा हात पाहून एकदम बाहेर पडतात. पिसे जवळजवळ पूर्ण झालेल्या पिल्लांच्या घरट्याजवळ हात नेऊ नये, असे पक्षी अभ्यासक बजावतात ते यासाठीच.

या नियमाला दोन मोठे अपवाद आहेत. पाकोळीची पिल्ले घरट्यातून निघतात ती थेट आकाशात. बाहेर पडल्यावर त्यांना कोणी भरवत नाही आणि मधला शिकाऊ टप्पाच त्यांच्या आयुष्यात नसतो. तिची चारही बोटे पुढे वळलेली असतात आणि पाय इतके आखूड असतात, की जमिनीवरून उड्डाण घेणे तिला फार कठीण जाते. म्हणून जमिनीवर सापडलेली पाकोळी, मग ती लहान असो वा मोठी, मदतीची गरजू समजावी. मात्र ती उडते का हे पाहण्यासाठी तिला हवेत फेकू नये. दुसरा अपवाद घुबडांचा. झाडांवर राहणाऱ्या अनेक घुबडांची पिल्ले उडता येण्याच्या कितीतरी आधी घरट्याबाहेर येऊन फांद्यांवर हिंडतात, आणि खाली पडलीच तर चोच व नखे वापरून, पंख फडफडवत खोडावर पुन्हा चढतात. त्यांना जवळच्या फांदीवर बसवून द्यावे. गव्हाणी घुबडाचे पिल्लू मात्र जमिनीवर पडले, तर आईबाप बहुधा त्याला तिथे येऊन भरवत नाहीत. त्याला त्याच्या मूळ जागीच परत पोहोचवावे लागते.

उघड्या अंगाच्या पिल्लाला आधी ऊब द्यावी

पहिल्या टप्प्यातले पिल्लू जमिनीवर सापडले, तर माणसाने हस्तक्षेप करणे योग्यच आहे. पण त्यातही एक क्रम आहे, आणि तो चुकल्यामुळे बरीच पिल्ले हातची जातात. पहिली गरज अन्नाची नसते, पाण्याची तर नसतेच. ती उबेची असते. पक्ष्यांच्या शरीराचे तापमान साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पिसे नसलेल्या पिल्लाला ते स्वतःच्या बळावर टिकवता येत नाही. आईच्या पोटाखालची ऊब गेली, की ते भराभर गार पडते. गार पडलेल्या पिल्लाची पचनक्रिया मंदावते, म्हणून अशा अवस्थेत भरवलेले अन्न पोटात तसेच पडून राहते आणि त्यानेच ते मरू शकते.

गारठ्याचा आणखी एक परिणाम कमी जणांना ठाऊक असतो. पिल्लाने चोच उघडून मागितल्याशिवाय आईबाप त्याला भरवत नाहीत. डोळे मिटलेल्या पिल्लाला घरट्याला बसलेला हलका धक्का, म्हणजे आई काठावर येऊन बसल्याची खूण, पुरेशी असते. तो धक्का जाणवताच ते मान उंच करून चोच वासते. आतला लाल किंवा पिवळा भडक रंग दिसला, की आई त्यात घास घालते. गार पडलेल्या पिल्लात मान उचलण्याचे बळ उरत नाही. ते तसेच घरट्यात ठेवले, तर आई त्याला ओलांडून दुसऱ्याला भरवते, आणि हालचाल न करणारे पिल्लू काही वेळा मेलेले समजून बाहेरही टाकले जाते. पिल्लू परत ठेवूनही आईने ते पुन्हा फेकून दिले, अशी तक्रार ऐकू येते, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

म्हणून पिल्लू दोन्ही तळहातांच्या ओंजळीत घेऊन आधी गरम करावे. अगदी नवजात पिल्लाला सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते. हाताने तेवढी मिळत नसेल, तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिल्लाशेजारी ठेवता येते. मात्र बाटली त्याच्या अंगाला थेट भिडू देऊ नये. पिल्लू चोच उघडी ठेवून धापा टाकू लागले आणि मान लांबवू लागले, तर उष्णता जास्त झाली असे समजावे. अंग उबदार लागू लागले, हालचाल सुरू झाली आणि हलक्या स्पर्शाने ते चोच उघडू लागले, की ते घरट्यात जायला तयार आहे. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर त्याला ठेवू नये. घरट्याचा वाटीसारखा आकार त्याचे पाय अंगाखाली गोळा ठेवतो. सपाट जागी ते दोन्ही बाजूंना फाकतात आणि तसेच राहिले, तर कायमचे अधू होतात.

या वेळेतच त्याची तपासणीही उरकून घ्यावी. रक्त, लोंबता पंख, वाकडा पाय, श्वास घेताना होणारा आवाज, अंगावर माश्यांची अंडी किंवा मुंग्या यांपैकी काही आढळले, तर विषय घरट्याचा राहत नाही, उपचाराचा होतो. मांजराच्या तोंडून सोडवलेल्या पिल्लाबाबत तर जखम दिसत नसली, तरी उपचार आवश्यकच मानावेत. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. सुईच्या टोकाएवढ्या दातखुणेतूनही ते पक्ष्याच्या रक्तात शिरतात आणि वेळेवर प्रतिजैविके मिळाली नाहीत, तर एक-दोन दिवसांत पक्षी मरतो.

माणसाचा वास लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही

पिल्लाला हात लावला, की आई त्याला पुन्हा घरट्यात घेत नाही, हा समज जगभर इतका पक्का आहे, की लोक पडलेल्या पिल्लाला उचलायला घाबरतात किंवा एकदा उचलल्यावर, आता परत ठेवून उपयोग नाही, असे म्हणून घरी घेऊन जातात. दोन्हींत नुकसान पिल्लाचेच होते.

या समजाचे खंडन करताना पक्ष्यांना वासच येत नाही, असे सांगितले जाते. तेही खरे नाही. अमेरिकेतले पक्षी अभ्यासक आणि चित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन यांनी १८२६ मध्ये गिधाडांवरच्या आपल्या प्रयोगांवरून ती वासाने नव्हे, तर नजरेने भक्ष्य शोधतात, असे मांडले आणि त्यानंतर दीर्घकाळ पक्ष्यांच्या घ्राणशक्तीकडे दुर्लक्ष झाले. पुढे हे चित्र बदलले. अमेरिकेतली टर्की गिधाडे कुजत्या मांसाच्या वासावर येतात, कीवीच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाशी असून तो जमिनीतले किडे हुंगून शोधतो, आणि समुद्रपक्ष्यांतील काही जाती पाण्यावरच्या वासाचा माग दूरवरून काढतात, हे आता सिद्ध झाले आहे. तेव्हा पक्ष्याला माणसाचा वास येत असेलही. पण त्या कारणाने तो आपली पिल्ले टाकत नाही. एका हंगामाची सगळी मेहनत ज्या घरट्यात गुंतलेली असते, ते अशा किरकोळ कारणावरून सोडणे कोणत्याही पक्ष्याला परवडणारे नसते. डेन्मार्कमधील शिक्षक हान्स क्रिस्टियन मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये क्रमांक कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या कड्या मैनांच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायांत घालायला सुरुवात केली. तेव्हापासून संशोधक घरट्यातली पिल्ले बाहेर काढून त्यांचे वजन करतात, पायात कडी घालतात आणि परत ठेवतात. आईबाप थोड्या वेळाने घास घेऊन येतातच.

पक्षी घरटे सोडतात ते वारंवारच्या त्रासामुळे, आणि तेही जास्त करून अंडी घालण्याच्या किंवा उबवण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत. म्हणजे पिल्लाला एकदा हात लावण्यापेक्षा दर दहा मिनिटांनी जाऊन घरट्यात डोकावणे अधिक घातक असते.

घरट्यात परत ठेवताना

बरेच पक्षी घरट्यातली आपली पिल्ले चेहऱ्याने वा आवाजाने ओळखत नाहीत. आपल्या घरट्यात जे चोच वासून बसले आहे ते आपले, एवढाच त्यांचा हिशेब असतो. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते ते याच भाबडेपणाच्या जोरावर. पिल्लू परत ठेवणाऱ्याला हे दोन प्रकारे उपयोगी पडते. एक तर योग्य घरट्यात ठेवलेले पिल्लू स्वीकारले जाण्याची शक्यता चांगली असते. दुसरे म्हणजे, आईबापांच्या लेखी जागेला फार महत्त्व असते. पिल्लू त्याच जागी किंवा तिच्या अगदी जवळ असावे लागते.

घरटे सापडले आणि तिथवर हात पोहोचत असेल, तर आत त्याच जातीची, साधारण त्याच वयाची पिल्ले आहेत याची खात्री करून पिल्लू त्यांच्या मध्ये, वाटीच्या तळाशी ठेवावे आणि क्षणभर त्यांच्यावर हात अलगद झाकून ती शांत झाली की काढून घ्यावा. शिडी लागत असेल, तर ती धरायला दुसरा माणूस हवा. विजेच्या तारांजवळच्या किंवा उंच, नाजूक फांदीवरच्या घरट्यासाठी धाडस करू नये, कारण त्याला चांगला पर्याय आहे. कावळे आणि शिकारी पक्षी अशा वेळी डोक्यावर झडप घालतात, हेही ध्यानात ठेवून डोक्यावर जाड टोपी घातलेली बरी. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. परिसरात बरेच पक्षी आजारी किंवा मेलेले दिसत असतील, तर मात्र उघड्या हाताने काहीही उचलू नये आणि संबंधित यंत्रणेला कळवावे.

घरटे मोडले असेल, मुंग्यांनी भरले असेल किंवा हाताबाहेर उंचीवर असेल, तर पर्यायी घरटे बांधावे. लहान पक्ष्यासाठी दहा ते पंधरा सेंटिमीटर रुंदीची टोपली किंवा प्लॅस्टिकचा डबा पुरतो. पावसाचे पाणी साचू नये म्हणून तळाला भोके पाडावीत. टोपली विणलेली असेल, तर तीही गरज नसते. आत जुन्या घरट्यातलेच सामान जितके मिळेल तितके वापरावे, उरलेली जागा वाळलेल्या गवताने भरून मध्ये वाटीसारखा खळगा करावा. ताजे, ओले गवत पिल्लाला गारठवते आणि कापसाचे तंतू त्याच्या नखांत व पायांत गुंततात, म्हणून दोन्ही टाळावेत. टोपली फार खोल नसावी. आईला काठावर बसून आतले पिल्लू दिसले पाहिजे आणि मोठे झाल्यावर पिल्लाला बाहेर चढता आले पाहिजे. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांना उघडी टोपली सहसा रुचत नाही. त्यांच्यासाठी झाकण असलेली, पुढे गोल भोक असलेली पेटी लावावी.

ही टोपली मूळ घरट्याच्या शक्य तितकी जवळ, त्याच झाडावर, जमिनीपासून निदान दोन मीटर उंच आणि दुपारचे ऊन थेट येणार नाही अशा जागी तारेने किंवा दोरीने घट्ट बांधावी. सगळेच घरटे खाली आले असेल, तर ते अख्खे टोपलीत बसवून बांधणे सर्वांत उत्तम. मात्र वर भावंडे शाबूत असतील, तर टोपली मूळ घरट्यापासून लांब जाता कामा नये. आईबाप ओरडणाऱ्या भावंडांकडे वळतात आणि आडोशाला ठेवलेले एकटे पिल्लू मागे पडते.

यानंतर दूर जाऊन पाहत राहायचे. बहुतेक लहान पक्षी दिवसा दर पंधरा-वीस मिनिटांनी घास आणतात, पण नवी टोपली पाहून ते आधी बिचकतात. चोचीत किडा धरून जवळच्या फांदीवर येणे, पुन्हा दूर जाणे, पुन्हा येणे असे बराच वेळ चालते, आणि या घालमेलीच्या वेळीच उतावळा माणूस पुढे होऊन सगळे बिघडवतो. एक ते दोन तास थांबावे. आई आली की नाही हे पाहायचे राहून गेले असे वाटले, तर पिल्लाच्या विष्ठेवरून अंदाज बांधता येतो: अनेक लहान पक्ष्यांची पिल्ले पांढऱ्या, पातळ आवरणात गुंडाळलेली विष्ठा टाकतात आणि आईबाप ती चोचीत धरून दूर नेऊन टाकतात. चोचीत पांढरी गोळी घेऊन उडणारा पक्षी दिसला, की काम झाले असे खुशाल समजावे.

पारवा आणि होला यांना हा दोन तासांचा नियम लागू पडत नाही. त्यांचे पिल्लू चोच वासत नाही; ते आपली चोच आईच्या किंवा बापाच्या तोंडात घालून, त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे घट्ट अन्न ओढून घेते. या फेऱ्या दिवसातून मोजक्याच असतात. शिकारी पक्ष्यांचेही तसेच. तिथे अर्धा दिवस तरी वाट पाहावी. पिल्लू संध्याकाळी उशिरा सापडले, तर अंधारात दिवसाचे पक्षी भरवायला येत नाहीत. अशा वेळी त्याला रात्रभर उबेत, अंधाऱ्या खोक्यात ठेवून पहाटे उजाडताच परत ठेवावे. एका रात्रीच्या गैरहजेरीने आईबाप त्याला विसरत नाहीत.

सगळीच पिल्ले अपघाताने पडत नाहीत

वारा, पाऊस आणि मोडकी फांदी ही नेहमीची कारणे झाली. कडक उन्हात तापलेल्या पत्र्याखालच्या घरट्यातून किंवा गोचीड-पिसवांनी भरलेल्या घरट्यातून पिल्ले कधी कधी स्वतःच बाहेर पडतात. त्यांना त्याच भट्टीत परत ठेवून उपयोग नसतो, तिथे आधी सावली करावी लागते किंवा पर्यायी घरटे द्यावे लागते. बगळे आणि शिकारी पक्षी यांच्या घरट्यांत पिल्ले एकाच दिवशी जन्मत नाहीत. आधी जन्मलेले थोराड पिल्लू शेवटच्या दुबळ्या भावंडाला टोचते, उपाशी ठेवते आणि ढकलूनही देते. अन्न कमी असताना निदान एक-दोन पिल्ले तरी सुदृढ वाढावीत, अशी ही निर्दय व्यवस्था असल्याचे ब्रिटिश पक्षी अभ्यासक डेव्हिड लॅक यांनी गेल्या शतकाच्या मध्यास मांडले. अशा पिल्लाला परत ठेवले, तर ते पुन्हा खाली येण्याची शक्यता मोठी असते.

याहून चमत्कारिक प्रकार युरोपातल्या कक्कू या पक्ष्याचा आहे. देवीच्या लसीमुळे पुढे प्रसिद्ध झालेले एडवर्ड जेनर यांनी १७८८ मध्ये असे नोंदवले, की या पक्ष्याचे आंधळे, उघड्या अंगाचे पिल्लू जन्मानंतर लवकरच यजमान पक्ष्याची अंडी आणि पिल्ले आपल्या पाठीवरच्या खळग्यात घेऊन घरट्याच्या काठावरून खाली लोटून देते. हे वर्णन अनेकांना तेव्हा थापेबाजी वाटले होते. कोकिळेचे पिल्लू सहसा असे करत नाही. ते कावळ्याच्या पिल्लांसोबतच वाढते. तरीही परत ठेवलेले पिल्लू पुन्हा पुन्हा खाली सापडू लागले, तर आत कोण बसले आहे, हे पाहून घेणे बरे.

परत ठेवता आले नाही तर

आईबाप मेल्याचे स्पष्ट असेल, पिल्लू जखमी असेल किंवा पुरेशी वाट पाहूनही कोणी आले नसेल, तर ते प्रशिक्षित बचावकर्त्यांकडे किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे सोपवावे. वन्य पक्षी घरी ठेवणे अनेक देशांत गुन्हा आहे; अमेरिकेतला १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आणि भारतातला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा ही त्याची दोन ठळक उदाहरणे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी व्यवहारात हे काम घरी जमणारे नाही. पिल्लाला पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी, त्याच्या जातीला चालेल असेच खाद्य द्यावे लागते. एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना मुख्यतः किडे आणि अळ्या भरवते. पाव, भात किंवा दूध हे त्यांतल्या कशाचीच जागा घेऊ शकत नाही. दुधातली साखर पचवण्याची सोय पक्ष्यांच्या शरीरात नसते, आणि निकस खाण्यावर वाढलेल्या पिल्लांची हाडे ठिसूळ होऊन वाकतात.

चोचीत थेंबाथेंबाने पाणी सोडणे ही तर सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत घातक चूक आहे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी उघडेच दिसते. वरून सोडलेला थेंब सरळ त्यात उतरतो आणि पिल्लू गुदमरते किंवा न्यूमोनियाने मरते. घरट्यातल्या पिल्लांना लागणारे पाणी त्यांना अन्नातूनच मिळते.

शिवाय माणसाच्या हातून वाढलेला पक्षी माणसालाच आपला समजू लागतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९३० च्या दशकात हंसांच्या पिल्लांवर याचा सविस्तर अभ्यास केला. अंड्यातून बाहेर आल्यावर प्रथम दिसलेल्या लोरेन्झ यांच्यामागेच ती पिल्ले चालत राहिली. या क्षेत्रातल्या कामासाठी १९७३ चे नोबेल पारितोषिक त्यांना निको टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह मिळाले. माणसाला आई मानणारा पक्षी पुढे मांजराला भीत नाही आणि स्वजातीच्या पक्ष्यांत मिसळत नाही. बचाव केंद्रांत शक्यतो एकाच जातीची पिल्ले एकत्र वाढवतात आणि त्यांच्याशी बोलणे टाळतात, ते यामुळे.

बचावकर्त्यांकडे सोपवेपर्यंत पिल्लाला हवा खेळती राहील अशी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कापडाच्या खळग्यात बसवून, उबदार, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवावे. तारेचा पिंजरा वापरू नये. त्यात फडफडून पिसे मोडतात. खोके वारंवार उघडून पाहू नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि वाटेत गाडीत गाणी लावू नयेत. सोपवताना पिल्लू नेमके कोणत्या झाडाखाली सापडले, किती वाजता सापडले, मांजराचा संबंध होता का आणि त्याच्या तोंडात काही घातले होते का, हे सगळे न लपवता सांगावे. उपचारांची दिशा त्यावर ठरते, आणि बरे झालेले पिल्लू परत सोडायचे असते तेही शक्यतो त्याच झाडाच्या आसपास, जिथे त्याचे आईबाप अजून फिरत असतात.